आयक्लर घर होम टूरसाठी उघडायचं आहे? सुरुवात अशी करा

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, पालो अल्टो किंवा सॅन होजेत जुनं आयक्लर घर, म्हणजे जोसेफ आयक्लर या बिल्डरने बांधलेलं लाकूड-काचेचं घर, घेतलं की कधी ना कधी वस्तीतलं कुणीतरी विचारतंच, 'यंदाच्या होम टूरला तुमचं घर ठेवायचं का?' होम टूर म्हणजे ठरलेल्या दिवशी लोक तिकीट काढून वस्तीतली घरं आतून बघतात तो कार्यक्रम. हा प्रश्न आला की आपल्या लोकांच्या मनात पहिलं हेच येतं की आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे. फर्निचर साधं, किचन मागच्या मालकाने बदललेलं. हा संकोच सोडा. तिकीट काढून येणारी माणसं छताच्या तुळया बघायला येतात, काचेची भिंत बघायला येतात, रस्त्यावरून बंद दिसणारं घर आत पाऊल टाकताच कसं उघडतं ते अनुभवायला येतात. तुमचा सोफा त्यांच्या लक्षातही राहत नाही. त्यामुळे या तयारीत नवीन आणायचं थोडं आणि मधे आलेलं बाजूला काढायचं जास्त.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा. तारीख ठरली म्हणून घाईघाईने रंग, पॉलिश, फरशी यांच्या मागे लागू नका. साठ-सत्तर वर्षं टिकलेलं लाकूड एका शनिवार-रविवारच्या कौतुकासाठी बिघडवलं तर ते परत मिळत नाही.

घराची माहिती जमवा

जोसेफ आयक्लर हा बिल्डर होता, आर्किटेक्ट नव्हे. १९४० च्या दशकात तो हिल्सबरोमध्ये, प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने आखलेल्या बॅझेट हाउसमध्ये भाड्याने राहिला, आणि तसा उजेड, तशी मोकळी जागा मध्यमवर्गाला परवडेल अशा घरांत आणायचं त्याने मनावर घेतलं. १९४९ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या कंपनीने सुमारे ११,००० घरं बांधली. त्यातली बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात आहेत, काही सॅक्रामेंटोत आणि दक्षिण कॅलिफोर्नियात. आराखडे मुख्यतः तीन आर्किटेक्ट कार्यालयांतून आले: अँशेन अँड ॲलन, जोन्स अँड एमन्स आणि क्लॉड ओकलंड.

आपलं घर यातल्या कुणाचं, कोणत्या वर्षाचं आणि आता त्यात मूळचं काय उरलंय, हे प्रश्न तुम्हाला दिवसभर विचारले जाणार. बांधकामाचं वर्ष काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे मालमत्ता कराच्या कार्यालयाच्या, नोंदीत मिळतं. नंतर वाढवलेल्या खोल्या, बदललेलं छत, नवं वायरिंग यांचे परवाने सिटीच्या बिल्डिंग खात्यात मागता येतात. क्लॉड ओकलंडच्या कार्यालयाची कागदपत्रं बर्कली विद्यापीठाच्या एन्व्हायर्नमेंटल डिझाइन अर्काइव्ह्जमध्ये आहेत, तर जोन्स अँड एमन्समधल्या क्विन्सी जोन्सची लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयात. पण सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे गल्लीतले सर्वांत जुने रहिवासी. त्यांच्याकडे विक्रीच्या वेळचं छापील पत्रक, मुलांच्या वाढदिवसाचे फोटो असं काही ना काही असतं, आणि त्या फोटोंच्या मागे तुमच्यासारख्याच घराची मूळ भिंत, मूळ दिवे, मूळ रंग दिसतात.

यातून एकच पानाचं माहितीपत्रक तयार करा. वर्ष, आर्किटेक्ट, काय मूळचं, काय बदललं. बदललेलं लपवू नका. 'किचन नवं आहे, छत आणि भिंतींचं लाकडी पॅनेलिंग मूळचं' असं सरळ लिहिलं की जाणकार पाहुणाही खूश असतो.

त्या पानावर आणखी एक नोंद असावी असा माझा आग्रह आहे. अमेरिकेत त्या काळी कित्येक वस्त्यांमध्ये गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकत नसत. आयक्लरने घर विकताना वंश किंवा धर्म पाहिला नाही. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध उभी राहीना, तेव्हा १९५८ मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. घर विक्रीतल्या भेदभावाला बंदी घालणारा संघराज्याचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये आला. आज त्या घरात एक मराठी कुटुंब राहतं हा त्याच इतिहासाचा पुढचा भाग आहे, आणि तो पाहुण्यांना तुमच्याकडूनच कळायला हवा.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

आयोजकांना विचारा: किती तास, साधारण किती माणसं, एका वेळी आत किती, स्वयंसेवक किती देणार. अशा घरात एका वेळी पंधरा ते वीस माणसांपेक्षा जास्त नकोत. दारावर मोजून सोडणारा स्वयंसेवक नसेल तर होकार देऊ नका.

मग विमा. तुमच्या होम इन्शुरन्सला ईमेल करून विचारा की तिकीट लावून लोक घरात आले आणि कुणी पडलं तर पॉलिसी लागू होते का. उत्तर लेखीच घ्या. आयोजकांची कार्यक्रमाची वेगळी पॉलिसी असली पाहिजे आणि त्यात तुमचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड, म्हणजे त्या विम्याचं संरक्षण मिळणारी आणखी एक व्यक्ती, म्हणून घातलेलं असलं पाहिजे. त्याचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे मागायला भीड वाटते, पण अनुभवी आयोजकांना त्याची सवय असते.

फोटोंचंही तेव्हाच ठरवा. आत फोटो काढू द्यायचे का, मुलांच्या खोलीचे नकोत का, पोस्ट करताना घराचा पत्ता टाळायचा का. जे ठरेल ते तिकिटावर छापून येऊ दे, म्हणजे त्या दिवशी दारात वाद होत नाहीत.

घराला हात लावायचा तो असा

हे काम दोन-तीन महिने आधी सुरू करा, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं.

पहिल्यांदा भिंतींचं लाकूड. अनेक आयक्लर घरांत आतल्या भिंतींना फिलिपीन महोगनीचं, म्हणजे लाउआनचं पॅनेलिंग आहे. तुमच्या घरात ते रंगाखाली न जाता टिकलं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. वर्षांनुवर्षं उन्हात राहून ते काही ठिकाणी काळवंडतं, काही ठिकाणी फिकट पडतं, आणि मग कुणीतरी सल्ला देतं की सँडपेपर मारून नवं पॉलिश करा. तसं मुळीच करू नका. वरचा लाकडाचा थर इतका पातळ असतो की घासताना खालचा प्लाय कधी उघडा पडला ते कळतही नाही.

त्याऐवजी आधी पॉलिश कोणतं आहे ते तपासा. कपाटाच्या आतली, कुणाला न दिसणारी जागा निवडा. कापसाच्या काडीवर डिनेचर्ड अल्कोहोल (स्पिरिट) घेऊन तिथे हलक्या हाताने अर्धा मिनिट फिरवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि काडीवर तपकिरी रंग उतरला तर ते शेलॅक आहे, आपल्याकडचे सुतार लाखेचं फ्रेंच पॉलिश करतात तेच. काहीच झालं नाही तर लॅकर किंवा नंतर मारलेलं एखादं कोटिंग असेल. शेलॅक निघालं तर स्पिरिट असलेला कोणताही क्लीनर त्या भिंतीजवळ नेऊ नका. यातूनच टूरच्या दिवसाची एक सूचना निघते: हँड सॅनिटायझरची बाटली पॅनेलिंगजवळच्या टेबलावर ठेवायची नाही. सॅनिटायझर लावलेले ओले हात भिंतीला टेकले की तिथे पांढुरका डाग उमटतो. बाटली दाराबाहेर ठेवा. रोजच्या सफाईला मऊ कोरडं कापड पुरतं. हाताचे मळकट डाग असतील तिथे कापड किंचित ओलं करून, घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

छताचंही तसंच. वरच्या फळ्या एकमेकींत खाचेने बसवलेल्या असतात आणि त्याच तुमचं छतही असतात, वर पोटमाळा नसतो. फळ्यांवर डाग दिसला तर तो रंगाने झाकण्याआधी गळती आहे का ते बघा. टूरच्या आधी सपाट छतावर एकदा कुणाला तरी चढवून पालापाचोळा आणि पाणी जाण्याची भोकं साफ करून घ्या. भिंतीबाहेर आलेल्या तुळयांची टोकं बोटाने दाबून बघा. मऊ लागली तर लाकूड कुजायला लागलंय. ते काम टूरनंतर नीट करून घ्या. आत्ता घाईत पुटी भरून रंग मारला तर कुजकं लाकूड आतच राहतं.

फरशीच्या बाबतीत दोन नियम लक्षात ठेवा. बहुतेक आयक्लर घरांत गरम पाण्याचे पाइप काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पुरलेले आहेत आणि घर त्यांनीच उबदार होतं. म्हणून स्लॅबमध्ये खिळा, स्क्रू, ड्रिल काहीही नको, दोरीचा खांब उभा करायला सुद्धा नको. दुसरं, जुन्या ९ इंची चौकोनी टाइल किंवा त्यांच्याखालचा काळा डिंक दिसत असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे धूळ श्वासातून गेली तर घातक ठरणारे तंतू, असण्याची शक्यता धरूनच चाला. न फुटलेली, न घासलेली टाइल आहे तशी राहू द्या, वर गालिचा टाका. रंगाचंही तेच: १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, त्यामुळे स्वतः घासायला बसू नका. रंग द्यायचाच असेल तर तो टूरच्या किमान तीन आठवडे आधी संपवा. काचा बंद असलेल्या घरात रंगाचा वास लवकर जात नाही.

आता काचा. स्लायडिंग दारांच्या काचा सुरक्षित असाव्यात असा संघराज्याचा नियम १९७७ मध्ये आला. तुमच्या दारांच्या काचा त्याआधीच्या असतील तर त्या साध्या असू शकतात आणि फुटल्या तर मोठे धारदार तुकडे होतात. टेम्पर्ड, म्हणजे फुटली तरी धारदार तुकडे न होणाऱ्या, काचेच्या एका कोपऱ्यात बहुधा छोटासा शिक्का कोरलेला असतो, तो शोधा. सापडला नाही तरी घाबरू नका, पण काच स्वच्छ पुसल्यावर ती दिसेनाशी होते आणि माणसं थेट तिच्यावर चालत येतात हे लक्षात ठेवा. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, अशा दोन ओळींत लहान स्टिकर लावा. सौंदर्याला बाधा येते म्हणून हे टाळू नका.

दारांच्या खालच्या रुळांमध्ये वाळू, पाइनची पानं, मेलेल्या मुंग्या साचलेल्या असतात. जुन्या टूथब्रशने खरवडा, व्हॅक्यूम करा, मग सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा. तेल घातलं तर चार दिवस दार छान सरकतं आणि मग सगळी धूळ तिथेच चिकटते. एका बोटाने सरकणारं दार बघून पाहुणे थबकतात, म्हणून या कामाला एक सकाळ द्या.

सामान

दिवाणखान्यात उभं राहून बघा, की छताची तुळई घरातून बाहेर अंगणापर्यंत एका नजरेत जाते का. मधे उंच शेल्फ, पडदा, टीव्हीचं कपाट आलं असेल तर ते त्या दिवसापुरतं हलवा. रस्त्याकडची बाजू बंद आणि मागची सगळी काचेची, हेच या घरांचं मर्म आहे. पडदे पूर्ण बाजूला घ्या. छतावरून उतरणाऱ्या वस्तू, वाऱ्याच्या घंटा, टांगलेल्या कुंड्या काढा.

नवं मिडसेंच्युरी, म्हणजे १९५०-६० च्या दशकांच्या शैलीचं, फर्निचर विकत घ्यायला जाऊ नका. एक-दोन बऱ्या, सडपातळ पायांच्या खुर्च्या असतील तर त्या ठेवा आणि बाकीची गर्दी गॅरेजमध्ये न्या. आपल्या घरातल्या वस्तू लपवायची तर अजिबातच गरज नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे त्या काळच्या अमेरिकन फर्निचरमधलं सर्वांत मोठं नाव. १९५८ मध्ये भारत सरकारसाठी त्यांनी एक अहवाल लिहिला, आणि भारतात पाहिलेल्या वस्तूंमधली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून त्यात त्यांनी लोट्याचं मनापासून कौतुक केलं. त्या अहवालानंतरच अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यामुळे आजीचा पितळी लोटा किंवा तांब्याचा गडू स्वच्छ घासून, एकटाच, उजेडात ठेवा. त्याच्याशेजारी दुसरं काही ठेवू नका.

देवघराबद्दल नवे लोक हमखास विचारतात. ते तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे, त्यामुळे निर्णय तुमचाच. बंद होणारं असेल तर बंद ठेवा. उघडं असेल तर ते पाहुण्यांच्या वाटेपासून दोन हात लांब असावं आणि तिथे एक स्वयंसेवक उभा असावा, म्हणजे कुतूहलाने कुणी मूर्तीला हात लावणार नाही. त्या दिवशी समई मात्र लावू नका. एवढ्या गर्दीत उघडी ज्योत नको.

कागदपत्रं, पासपोर्ट, दागिने, औषधं, लॅपटॉप, फ्रिजवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड, मुलांच्या शाळेचं नाव दाखवणारी प्रमाणपत्रं, हे सगळं एका खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावा. न्हाणीघरातली कपाटं रिकामी करा, लोक ती उघडून बघतात.

पाहुण्यांची वाट

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आयक्लर घरांत मधोमध उघडी जागा, एट्रियम, येऊ लागली. आपल्याकडच्या वाड्याचा चौक असतो तशी: बाहेरचा दरवाजा ओलांडला की आभाळ, आणि सगळ्या खोल्या त्याच्याभोवती. तुमच्या घरात ती असेल तर पाहुण्यांची सुरुवात तिथूनच करा. पाच-सात माणसं तिथे थांबतील, माहितीपत्रक वाचतील, बुटांवर कापडी मोजे चढवतील, मग आत जातील. तिथून दिवाणखाना, किचन, मागचं अंगण आणि बाजूच्या गेटने बाहेर. एकाच दिशेने. झोपायच्या खोल्यांकडे जाणारा बोळ अरुंद असतो आणि पलीकडे वाट नसते, म्हणून एकच खोली दाखवा, किंवा सगळा बोळच दोरी लावून बंद करा.

चपला बाहेर काढायची आपली सवय इथे अर्धीच उपयोगाची आहे. शंभर-दोनशे जोड दारात साचले की त्यांतच कुणी अडखळतं. ज्येष्ठांना वाकून बूट काढणं जमत नाही. त्यापेक्षा बुटांवर चढवायचे, खाली रबराची नक्षी असलेले मोजे टोपलीत ठेवा, बाजूला हात असलेली एक खुर्ची, आणि बाहेर पडताना मोजे टाकायला दुसरी टोपली. साधे गुळगुळीत प्लास्टिकचे मोजे घेऊ नका, कॉर्कवर किंवा काँक्रीटवर ते घसरतात.

घर एकाच पातळीवर असल्याने व्हीलचेअर बरीच आत येऊ शकते. अडते ती फक्त स्लायडिंग दाराच्या रुळावर. तिथे रबरी उताराची पट्टी नुसती ठेवा, स्क्रू नको. स्विमिंग पूल असेल तर त्याच्या गेटला कुलूप, आणि तरीही एक माणूस तिथे दिवसभर.

आदले दोन दिवस

काचा आदल्या संध्याकाळी पुसा. उन्हात पुसल्या तर साबण वाळून रेषा राहतात. बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, रबरी पट्टी, आणि कडा टिपायला सुकं कापड. ऊन तिरकं आल्यावर एकदा आतून बघा, राहिलेल्या रेषा तेव्हाच दिसतात.

थंडीत टूर असेल तर फरशीचं हीटिंग आदल्या दिवशीच लावा; स्लॅब तापायला आणि निवायला बराच वेळ लागतो, सकाळी उठून लावून उपयोग नाही. किचन उघडं आणि छत लाकडाचं, त्यामुळे तळण किंवा मासळी दोन दिवस आधीच उरकून घ्या. धूप-उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या नकोत. सगळे बल्ब एकाच उबदार छटेचे, २७०० केल्व्हिनचे लावा. गोल पांढरे दिवे मूळचे असतील तर आतला बल्ब कमी वॅटचा ठेवा, उष्णतेने जुनी काच तडकू शकते. शेजाऱ्यांना पार्किंगबद्दल चिठ्ठी टाका. कुत्रा-मांजर त्या दिवसापुरतं मित्राकडे.

त्या दिवशी

घर उघडायच्या अर्धा तास आधी स्वयंसेवकांना घेऊन पूर्ण वाट चाला आणि प्रत्येकाला त्याच्या जागेबद्दल दोन-तीन गोष्टी सांगा: हे पॅनेलिंग मूळचं, हात लावू देऊ नका, या तुळया कशा ठेवल्यात, ही काच पूर्वीची. त्यांना पाणी, खायला आणि वापरायला एक न्हाणीघर द्या. पाहुण्यांसाठी न्हाणीघर बंद, तशी पाटी लावा.

तुम्ही स्वतः घरी थांबायचं की नाही? मला विचाराल तर थांबा, पण सुरुवातीचे दोन तासच. मालक भेटला की लोकांना आनंद होतो. दिवसभर थांबलात तर प्रत्येक पाहुण्याचं सगळं ऐकत बसाल आणि रांग तुंबेल. भिंत तोडून दोन खोल्या एक करू का, असं एखाद्या नव्या मालकाने विचारलं तर त्याला त्या भिंतीवर कोणती तुळई टेकली आहे ते आधी तपासायला सांगा. या घरांत छताचा भार तुळया आणि खांबांवरच असतो.

संपल्यावर

मोज्यांच्या टोपल्या रिकाम्या करण्याआधी पूलचं गेट, मागचं गेट, स्लायडिंग दारांच्या कड्या तपासा. कुलूप लावलेली खोली शेवटी उघडा. पॅनेलिंग हाताच्या उंचीवर एकदा कोरड्या कापडाने पुसून घ्या. स्वयंसेवकांना त्याच संध्याकाळी जेवायला बोलवा. पाहुण्यांनी काय काय विचारलं ते तेव्हाच बोलून लिहून काढा. माहितीपत्रकात काय राहिलं होतं ते त्यातूनच कळतं. पूर्वी त्याच घरात किंवा गल्लीत राहिलेलं कुणी आलं असेल आणि त्याने जुना फोटो दाखवला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या आणि परवाने, पॉलिशच्या चाचणीची नोंद, माहितीपत्रक यांच्यासोबत एका फायलीत लावा. घर विकाल तेव्हा किल्ल्यांबरोबर ती फाइलही नव्या मालकाच्या हाती द्या.